प्रसाद बाळाच्या हातात नको, आईच्या हातात द्या

(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात आम्ही दोघींनी केलेल्या भाषणाचा सारांश)



आजी-आजोबा आणि कडेवर लेकरं घेऊन आलेल्या मैत्रिणींनो,

आम्ही दोघी निवृत्त परिचारिका. गेल्या वर्षी इथेच आरतीनंतर एका ताईने आपल्या नऊ महिन्यांच्या भावाला प्रेमाने खोबऱ्याचा तुकडा भरवला. बाळ रडलं नाही, खोकलं नाही. म्हणूनच झांजांच्या गजरात कुणाच्या लक्षात आलं नाही. आमच्यातल्या एकीला त्याचे निळसर ओठ दिसले. तोवर एकजण पाणी आणायला धावली होती, दुसरी घशात बोट घालत होती, तिसरे म्हणत होते, ‘पाय धरून उलटं करा.’ तिघांचीही माया खरी, उपाय मात्र चुकीचे. पाठीवरच्या चौथ्या थापेला तुकडा बाहेर पडला आणि बाळ रडलं. इतकं गोड रडणं आम्ही फार थोड्या वेळा ऐकलं आहे.

आपल्या देवास गेटला बस स्टँड आहे, स्टेशन जवळ आहे, हाक मारली की रिक्षा येते. पण श्वास पूर्ण अडकला, तर मेंदूला इजा व्हायला चार-पाच मिनिटं पुरतात. विसर्जनाच्या गर्दीत तेवढ्या वेळात रस्ताही ओलांडता येत नाही. म्हणून पहिली मदत बाळाजवळ असेल त्यानेच करायची.

बाळ जोरात खोकत किंवा रडत असेल, तर त्याला खोकू द्या; लक्ष ठेवा. आवाज फुटत नसेल, श्वास घेता येत नसेल, तर लगेच हालचाल करा. ही बाहुली पाहा. बाळाला आपल्या हातावर पालथं घ्या, जबड्याला आधार द्या, डोकं छातीपेक्षा खाली ठेवा. दोन्ही खवाट्यांच्या मधोमध तळव्याच्या मनगटाकडच्या भागाने ५ जोरदार थापा. निघालं नाही तर उताणं करा. छातीच्या मधल्या हाडावर, स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, तळव्याच्या त्याच भागाने किंवा दोन बोटांनी ५ दाब द्या. वस्तू निघेपर्यंत हेच आलटून पालटून करा. दुसऱ्या कुणीतरी १०८ला फोन लावायचा. तोंडात वस्तू स्पष्ट दिसली तरच काढा. चाचपडणारं बोट ती आणखी आत ढकलतं. बाळ निपचित पडलं, तर कठीण जागेवर निजवून ३० छातीदाब आणि २ श्वास सुरू करा. हाइमलिक यांनी १९७४ साली सांगितलेला पोटावरचा दाब वर्षाच्या आतल्या बाळाला कधीही नको. यकृताला इजा होते.

बाळ सावरलं तरी डॉक्टरांना दाखवाच. शेंगदाण्याचा कण फुप्फुसात राहिला, तर खोकला आणि घरघर पुढे आठवडेच्या आठवडे चालते.

आता थोडं आपल्या सवयींविषयी. ‘नाक दाबलं की तोंड उघडतं’ ही म्हण चांगली, पण घुटी पाजताना ती आचरणात आणू नका. बाळाला आडवं निजवून, रडत असताना काही पाजू नका. उष्टावणानंतर मऊ, कुस्करलेलं अन्न बसवूनच भरवा. साखरफुटाणे, शेंगदाणे, फुटाणे, खोबऱ्याचे तुकडे, अख्खी द्राक्षं बाळापासून दूर ठेवा. अख्खे दाणे चार वर्षांपर्यंत नकोतच. मखराचे मणी, फुटलेले फुगे, घड्याळाचे बटण सेल जमिनीवरून आजच उचला. सेल गिळला, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठा.

कार्यकर्त्यांना एकच विनंती: प्रसाद लहान मुलाच्या हातात न देता मोठ्यांच्या हातात द्या. आणि भावंडांना सांगा, ‘बाळाला भरवायचं, तर आधी आईला विचार.’

आरतीनंतर आम्ही बाहुली घेऊन इथेच बसणार आहोत. प्रत्येकाने एकदा हात चालवून पाहावा. आजोबा, तुम्हीसुद्धा या; दुपारी नातवंडं तुमच्याच मांडीवर असतात.