आजींचे अनुदान गेले कोठे?

(लातूर येथे सेवा कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



सेवा या शब्दाभोवती आपण पुष्कळ भावना गुंफतो. आज मात्र मला एका रुक्ष वस्तूविषयी बोलावयाचे आहे, ती म्हणजे बँकेचे खाते.

गेल्या वर्षी मुखेड तालुक्यातील एका तांड्यावर एक आजी भेटल्या. पती निवर्तलेले, मुलगा आणि सून ऊसतोडीला गेलेले, घरात दोन नातवंडे. म्हणाल्या, "दादा, माझा पगार बंद पडला." निराधारांच्या अनुदानाला आपल्याकडे पगारच म्हणतात. चार महिने त्या एसटीने तालुक्याला खेटे घालीत होत्या. बँकेत सांगत, पैसे आलेले नाहीत. तहसीलमध्ये सांगत, पैसे पाठविलेले आहेत. मला वाटले, कोणीतरी एक खोटे बोलत आहे. दोघेही खरे बोलत होते.

संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रात १९८० साली सुरू झाली. पुढे पासष्टी ओलांडलेल्यांसाठी श्रावणबाळ योजना आली, आणि १५ ऑगस्ट १९९५ पासून केंद्राच्या सामाजिक साहाय्य कार्यक्रमाची जोड मिळाली. महिन्याची रक्कम २०२३ मध्ये एक हजारावरून दीड हजार झाली. दिव्यांगांसाठी ती अडीच हजार करण्याचा निर्णय २०२५ मध्ये झाला. पूर्वी तहसील कार्यालयातून बँकेकडे यादी जाई, आणि बँकेतील कर्मचारी नाव व खाते क्रमांक पाहून रक्कम जमा करीत. डिसेंबर २०२४ पासून राज्याने हे अनुदान थेट लाभ हस्तांतरणाने, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या डीबीटीने, देण्यास आरंभ केला.

जुन्या पद्धतीच्या आठवणीने गहिवरण्याचे मला कारण दिसत नाही. याद्या टेबलावर पडून राहत, अनुदान दोन-दोन महिने रखडे, आणि मध्यस्थाचा हात ओला केल्यावाचून काम होत नाही अशी लोकांची समजूत झाली होती. नवी पद्धत स्वच्छ आहे. परंतु जुन्या यादीत माणसाचा चेहरा ओळखणारा कोणीतरी असे. नव्या पद्धतीत तो नाही. ती उणीव आपण भरून काढावयाची आहे.

आता मुख्य गोष्ट. डीबीटी खाते क्रमांक पाहत नाही, आधार क्रमांक पाहते. त्या आधारशी एनपीसीआयच्या नोंदवहीत शेवटी जे खाते जोडले गेले असेल, तेथे रक्कम जाते. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे ही जोडणी झाली असे नाही. त्यासाठी खातेदाराचे वेगळे संमतिपत्र लागते. आणि एका आधारला एका वेळी एकच खाते जोडलेले राहते. आमच्या आजींनी काही वर्षांपूर्वी कोणत्याशा शिबिरात अंगठा दिला होता. तेथे एक नवे खाते निघाले, जोडणी तिकडे सरकली, आणि पासबुक ट्रंकेच्या तळाशी गेले. अनुदान दर महिन्याला त्या खात्यात जमा होत होते. इकडे आजींनी रक्तदाबाच्या गोळ्या बंद केल्या होत्या आणि वाण्याची उधारी वाढत चालली होती.

म्हणून अशा प्रसंगी तहसीलकडे धाव घेण्यापूर्वी आधारशी कोणते खाते जोडलेले आहे, ते पाहावे. आधारच्या संकेतस्थळावर ते दिसते. मात्र नोंदविलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो, आणि तो मोबाईल बहुधा उसाच्या फडात मुलाच्या खिशात असतो! तेव्हा मुलाशी आधी बोलून घ्यावे. ते जमत नसेल तर बँकेत सोबत जावे. उपाय म्हणून घाईने आणखी एक नवे खाते उघडू नये. त्याने जोडणी पुन्हा हलते आणि किसान सन्मानसारखे दुसरे पैसेही वाट बदलतात. आयुष्यभर मजुरी केलेल्यांच्या बोटांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत, अशा वेळी आधार केंद्रात जाऊन ठसे अद्ययावत करून घ्यावे लागतात. बँक दूर असेल तर पोस्टमनची मदत घ्यावी; आधार जोडलेल्या खात्यातील रक्कम त्याच्या यंत्रावर घरीच काढता येते.

वयाचा घोळ आणखी निराळा. आपला हा भाग निजामी राजवटीतला. जुन्या पिढीतील कितीतरी जणांच्या जन्माची नोंदच नाही. मग आधारवर अंदाजाने १ जानेवारी ही तारीख पडते, आणि शिधापत्रिकेवर वय वेगळेच असते. अशी कागदपत्रे सोडविण्यास चिकाटी लागते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू व कन्नड, किनवट-माहूरकडे गोंडी, तांड्यांवर गोरमाटी जाणणारा कार्यकर्ता सोबत असला तर निम्मे काम तेथेच होते.

एक पथ्य मात्र कसोशीने पाळावे. कोणाचे आधार क्रमांक वहीत उतरवून ठेवू नयेत, ओटीपी मागू नये, एटीएम कार्ड हाती घेऊ नये. आणि एका दिवसात शंभर अर्ज व एक छायाचित्र, अशा शिबिरांचा मोह टाळावा. एक आजी म्हणजे किमान तीन फेऱ्या, हा माझा अनुभव आहे.

त्या आजींचे पासबुक शेवटी सापडले. दुसऱ्या बँकेत गेलो. तेथील बाईंनी शिल्लक वाचून दाखविली. आजींनी ती पुन्हा वाचावयास लावली. परतताना त्यांनी आधी वाण्याची उधारी फेडली, मग गोळ्या घेतल्या. घराशी आल्यावर म्हणाल्या, "दादा, त्या पल्याडच्या आंधळ्या म्हातारीचाबी पगार येईना, तिकडं चल." आम्ही गेलो. तिचे खाते व्यवस्थित जोडलेले होते. हयातीचा दाखला द्यावयाचा राहिला होता.