दीड फुटांची शीर

श्रोतेहो, खनिजांचा विषय निघाला म्हणजे आपल्या डोळ्यांपुढें मोठमोठे डोंगर आणि खोल खाणी उभ्या राहतात. आज मी आपणांस एका अगदीं लहानशा ठेव्याची हकीकत सांगणार आहें. दक्षिण आफ्रिकेच्या पश्चिम भागांत, केपटाउनपासून सुमारें ३५० किलोमीटर उत्तरेस, स्टीनकांप्सक्राल नांवाचें एक रुक्ष ठिकाण आहे. तेथील खडकांत एक शीर आहे. तिची जाडी सरासरी दीड फूट, लांबी कांहीं शें मीटर, आणि तींतील ज्ञात धातुक अवघें ६ लाख टनांच्या आसपास. लोखंडाच्या एखाद्या मोठ्या खाणींतून इतका माल थोड्याच दिवसांत बाहेर पडतो. तरीहि या शिरेनें जगाचें लक्ष दोनदां वेधून घेतलें, आणि तें दोन निरनिराळ्या कारणांसाठीं.

या शिरेंतील मुख्य खनिज मोनाझाइट. तें रंगानें तांबूस-पिवळें आणि साध्या वाळूच्या सुमारें दुप्पट जड असतें. आपल्या हाडांत जसें कॅल्शियमचें फॉस्फेट असतें, तसें मोनाझाइट हें सीरियम, लँथॅनम, निओडिमियम इत्यादि धातूंचें फॉस्फेट होय. या धातूंस ‘विरल मृत्तिका’ म्हणतात. पण हें नांव फसवें आहे. पृथ्वीच्या कवचांत सीरियम जवळजवळ तांब्याइतकें आढळतें. अडचण एवढीच कीं, हे धातू सर्वत्र विखुरलेले असतात. एके ठिकाणीं क्वचितच गोळा होतात.

आतां या मंडळींत थोरियम कसें शिरतें तें पाहूं. त्याचा अणु आकारानें सीरियमच्या अणूशीं मिळताजुळता असल्यामुळें स्फटिक बनत असतां तो सीरियमची जागा सहज पटकावतो. त्याचा विद्युद्भार मात्र एकानें अधिक. मग हिशोब जुळविण्यासाठीं शेजारीं फॉस्फरसच्या जागीं सिलिकॉन येऊन बसतें, किंवा दुसऱ्या एखाद्या सीरियमच्या जागीं कॅल्शियम. ही सोबत एकाच स्फटिकाच्या घडणींतली असल्यामुळें दळून किंवा चाळून ती तुटत नाहीं. त्यासाठीं स्फटिकच रसायनांनीं फोडावा लागतो.

विखुरलेलें द्रव्य गोळा करण्याचे निसर्गाचे मार्ग अनेक आहेत. आपल्या दक्षिण टोंकाला हें काम समुद्रानें केलें. तेथील प्राचीन खडक झिजले, नद्यांनीं कण वाहून आणले, आणि लाटांनीं हलकी वाळू धुऊन नेऊन जड कण मागें ठेविले. १९०९ सालीं शोम्बर्ग या जर्मन रसायनज्ञास त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूंत मोनाझाइट आढळलें. त्या काळीं गॅसबत्तीच्या जाळीसाठीं थोरियमला मोठी मागणी होती. स्टीनकांप्सक्राल येथें हेंच काम भूगर्भांतील उष्णतेनें केलें. शंभर कोटींहून अधिक वर्षांपूर्वीं, कवचांत खोलवर, तप्त खडकांच्या भेगेंत फॉस्फेटनें समृद्ध असा रस शिरला व तेथेंच गोठला. तो वितळलेला खडक होता कीं उष्ण द्रव, याविषयीं भूशास्त्रज्ञांत मतभेद आहेत. फलित मात्र स्पष्ट आहे. कवचाच्या दहा लाख भागांत थोरियमचे सरासरी दहाच भाग असतात. या शिरेंत थोरियमचें ऑक्साइड शेंकडा २ आणि विरल मृत्तिकांचीं ऑक्साइडें शेंकडा १४ आहेत. म्हणजे थोरियमचें प्रमाण दीड हजारांहून अधिक पट वाढलें.

१९५२ पासून १९६३ पर्यंत ही खाण चालली, ती मुख्यतः थोरियमसाठीं. अणुयुगाचा तो उदयकाळ होता. थोरियम स्वतः जळण नसलें, तरी अणुभट्टींत त्यापासून युरेनियम-२३३ हें जळण बनतें. परंतु जगांतील अणुभट्ट्यांनीं युरेनियमचीच वाट धरली, आणि खाण बंद पडली. पुढें १९८३ सालीं निओडिमियमचे अतिशय जोरदार चुंबक पुढें आले. आज विजेच्या मोटारींत व पवनचक्क्यांत ते बसवितात. त्यामुळें या शतकांत तीच शीर पुन्हा वेधून तपासण्यांत आली. आतां हवें तें निओडिमियम; थोरियम मात्र लोढणें झालें! तें वेगळें काढा, सुरक्षित सांठवा, त्यासाठीं परवाने मिळवा, खर्च सोसा.

श्रोतेहो, आपल्या देशांत डॉ. होमी भाभा यांनीं आंखलेल्या त्रिविध योजनेंत थोरियम हें अखेरच्या टप्प्याचें धन मानलें आहे. तेंच द्रव्य अन्यत्र ओझें ठरतें. धातुक कोणतें आणि केर कोणता, हें बाजार ठरवितो. पण बाजार फिरला म्हणून कण फिरत नाहीं. थोरियमचा निम्मा साठा सरण्यास सुमारें १,४०० कोटी वर्षें लागतात. पहिल्या खाणकामाच्या काळांतला गाळ पुढें कित्येक वर्षें स्टीनकांप्सक्रालच्या उघड्या माळावर पडून राहिला, तो त्याची साक्ष होय. म्हणून अशा लहान ठेव्याचें मोल ठरवितांना किती टन निघेल, एवढेंच विचारून भागत नाहीं. त्याबरोबर जें निघेल तें कोण सांभाळील, आणि किती पिढ्या सांभाळील, हा प्रश्न पहिली कुदळ मारण्यापूर्वींच विचारला पाहिजे.