परातीतला आरसा आणि सूर्यातला पिवळा रंग

आज एका प्रयोगापासून सुरुवात करू. सकाळचं ऊन जिथे येतं तिथे परातीत पाणी घ्या. त्यात एक छोटा आरसा बुडवून काठाला तिरका टेकवा. बुडलेल्या भागावर ऊन पडू द्या आणि समोरच्या भिंतीवर बघा. पाणी स्थिर झालं की तांबड्यापासून जांभळ्यापर्यंत रंगांचा पट्टा दिसेल. बघायचं मात्र भिंतीवरच. आरशातल्या किंवा आकाशातल्या सूर्याकडे पाहिलं तर डोळ्याला कायमची इजा होऊ शकते. मुलांना हे आधी बजावा.

हे रंग उन्हातच असतात. आरसा तिरका असल्यामुळे त्याच्यावर पाण्याची पाचर तयार होते. तिच्यातून जाताना तांबडा रंग कमी वाकतो, जांभळा जास्त, म्हणून ते वेगळे होतात. काचेच्या अशा तिकोनी पाचरीला लोलक म्हणतात.

उजेडातले रंग नीट पाहण्याचं यंत्र म्हणजे वर्णपटदर्शक. त्यात आधी एक बारीक फट असते. फट रुंद असली तर शेजारचे रंग एकमेकांवर चढतात. मग एक भिंग किरणांना समांतर करतं, लोलक रंग वेगळे करतो आणि छोट्या दुर्बिणीतून ते पाहतात.

याचा उपयोग काय? गॅसवर आमटी उतू गेली की निळी ज्योत पिवळी होते ना? तो मिठातल्या सोडियमचा रंग. तापलेल्या प्रत्येक वायूच्या अशा ठरलेल्या रंगीत रेषा असतात. बुन्सेन आणि किर्चहॉफ या जर्मन शास्त्रज्ञांनी 1860 साली अशा रेषांवरूनच सीझियम हा नवा धातू ओळखला.

आता 1868 सालची गोष्ट. 18 ऑगस्टला खग्रास सूर्यग्रहण होतं. फ्रान्सचे जान्सेन ते पाहायला आजच्या आंध्रातल्या गुंटूरला आले होते. सूर्याच्या कडेच्या ज्वाळांमध्ये त्यांना तेजस्वी रेषा दिसल्या. त्या इतक्या ठळक होत्या की ग्रहण सुटल्यावर दुसऱ्या दिवशीही त्यांनी त्या पाहिल्या. 20 ऑक्टोबरला इंग्लंडमध्ये लॉकयर यांनीही ग्रहणाशिवाय त्या पाहिल्या.

एवढ्या झगझगाटात ते कसं जमलं? मूठभर पिठात चार हरभरे आहेत असं समजा. पीठ मोठ्या परातीत पसरलं की थर पातळ होतो, पण हरभरा हरभराच राहतो. आकाशाच्या झगझगाटात सगळे रंग असतात, तो पसरून फिका पडतो. ज्वाळेच्या उजेडात मोजकेच रंग असतात, त्यांच्या रेषा उठून दिसतात. म्हणून रंग जितके जास्त पसरतील तितकं बरं. लॉकयर यांच्या यंत्रात एकामागून एक असे सात लोलक मांडलेले होते. पहिल्याने पसरलेले रंग दुसरा आणखी पसरवायचा, असं सातव्यापर्यंत.

त्यांना सोडियमच्या पिवळ्या रेषांच्या अगदी शेजारी, पण त्यांच्या जागी नसलेली, दुसरी पिवळी रेषा दिसली. रंग नीट पसरले नसते तर ती सोडियमचीच वाटली असती. या नव्या पदार्थाला सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलियम म्हणू लागले. पृथ्वीवर तो रॅम्से यांना 1895 साली एका खनिजात सापडला. आज दवाखान्यातल्या एमआरआय यंत्राचं चुंबक थंड ठेवायला हाच हेलियम द्रवरूपात वापरतात.

पण सात लोलकांचा खर्च मोठा, आणि प्रत्येक काचेत थोडा उजेड वाया जातो. त्यावर एक नामी तोड निघाली. लोलकाच्या मागे आरसा ठेवायचा. उजेड लोलकातून जातो, आरशावरून परततो आणि त्याच लोलकातून दुसऱ्यांदा जातो. एकच लोलक दोघांचं काम करतो. व्हिएन्नाच्या लिट्रो यांच्या नावाने ही मांडणी ओळखली जाते.

आता परातीकडे परत या. ऊन पाण्यात शिरतं, आरशावरून फिरतं आणि त्याच पाचरीतून बाहेर पडतं. मांडणी तीच! आरसा थोडा जास्त तिरका करून बघा. पाचर जाड झाली की भिंतीवरचा पट्टा रुंद होतो. बचत गटाच्या पुढच्या बैठकीला परात आणि आरसा घेऊनच या.