दात भरावा की कॅप बसवावी?
(संस्थेच्या आरोग्यविषयक कार्यक्रमात केलेले भाषण)



दातांवर बोलायला बँकेतला कारकून का उभा राहिला, असे आपणांस वाटेल. आम्ही दंतवैद्य नाही. कलाशाखेचे साधे पदवीधर आहोत. परंतु आपल्या वस्तीत एक प्रश्न नेहमी ऐकू येतो. डॉक्टर सांगतात कॅप बसवा, शेजारी म्हणतो नुसते भरून घ्या, आणि घरातील वडीलधारी माणसे म्हणतात, कशाला पैसे घालवता, दाढ काढूनच टाका. या तीन सल्ल्यांतून आपला मार्ग कसा शोधावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

प्रथम 'कीड' या शब्दाविषयी. दातात खरोखरीची अळी नसते. रिंगणीच्या बियांची धुरी दिल्याने कीड पडते, ही समजूत अजून गावोगाव आहे. ती सोडून दिली पाहिजे. तोंडातील जंतू गोड व पिठूळ पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. दाताचे वरचे कवच, म्हणजे एनॅमल, हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ आहे. परंतु त्यात जिवंत पेशी नसल्यामुळे एकदा गेलेले कवच पुन्हा उगवत नाही. त्याच्या आत डेंटिन आणि अगदी आत नस. कीड कवचातून डेंटिनमध्ये व तेथून नसेकडे जाते. ठणका बहुधा फार उशिरा सुरू होतो. म्हणून 'दुखत नाही, मग कशाला जायचे' हा हिशेब चुकीचा आहे.

आता मूळ प्रश्न. आम्हां बँकेतील माणसांना एक सवय असते. कोणतेही खाते समोर आले की आम्ही आधी विचारतो, मुद्दल शिल्लक किती? दाताच्या बाबतीतही हाच प्रश्न पहिला. भरणे चांगले की कॅप चांगली, असा वाद व्यर्थ आहे. चांगला दात किती उरला आहे, यावर निर्णय ठरतो.

खड्डा लहान किंवा मध्यम असेल आणि भोवतालच्या भिंती मजबूत असतील, तर भरणे योग्य. डॉक्टर किडलेला भाग कोरून काढतात आणि जागा भरतात. बहुतेक वेळा एकाच खेपेत काम होते. पांढरे कॉम्पोझिट निळ्या प्रकाशाने काही सेकंदांत घट्ट होते. ग्लास आयोनोमर सिमेंटमधून थोडे फ्लोराइड सुटते, परंतु दाढेवरच्या जड चावण्याला ते कॉम्पोझिटइतके टिकत नाही. पूर्वी सर्रास 'चांदी' भरत. तिच्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. पाऱ्याचा वापर आटोक्यात आणण्यासाठी 2013 साली मिनामाता करार झाला, आणि 2022 साली त्यातील देशांनी पंधरा वर्षांखालील मुले, गरोदर व अंगावर पाजणाऱ्या माता यांना, डॉक्टरांना आवश्यक वाटल्याखेरीज, चांदी भरू नये असे ठरविले. मात्र कोणाची जुनी चांदी शाबूत असेल तर ती घाबरून उकरून काढू नये. त्यात चांगला दातही झिजतो.

भिंती पातळ झाल्या असतील, दाढेचा कोपरा तुटला असेल, तडा गेला असेल किंवा पुन:पुन्हा भरलेले निघून येत असेल, तर कॅप लागते. दाढेचे रूट कॅनॉल झाल्यावरही डॉक्टर बहुधा कॅप सांगतात, कारण पोखरलेली दाढ सुपारीच्या खांडाने किंवा भाकरीतल्या खड्यानेही उभी चिरू शकते. खालपर्यंत चिरलेली दाढ मग काढावीच लागते. पुढच्या दातावर भार कमी असतो. तेथे रूट कॅनॉलनंतर कित्येकदा नुसते भरूनही भागते.

परंतु कॅपचीही एक किंमत आहे, आणि ती फक्त रुपयांत नाही. कॅप बसविण्यासाठी दात चोहोबाजूंनी साधारण एक ते दोन मिलिमीटर घासावा लागतो. ही मुद्दलातून काढलेली रक्कम. ती परत भरता येत नाही. म्हणून जेथे भरून भागते तेथे कॅपची घाई नको, आणि जेथे कॅपच हवी तेथे भरण्याची काटकसर नको. धातूची, धातूवर सिरॅमिकची, झिर्कोनियाची असे कॅपचे प्रकार आहेत. मागच्या दाढेला साधी धातूची कॅपही उत्तम काम देते. आणि कॅपखालचा दात किडत नाही असे समजू नये. हिरडीजवळच्या कडेतून कीड शिरते, तेव्हा तेथे ब्रश फिरलाच पाहिजे.

माता-भगिनींनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दातांच्या मागे जी दाढ येते ती कायमची असते. तिच्या जागचा कोणताही दुधाचा दात पडत नाही, म्हणून तिलाही दुधाची समजून दुर्लक्ष होते. दुधाच्या दाढाही दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात राहतात. त्या फार किडल्या तर मुलांसाठी स्टीलची तयार कॅप मिळते.

दवाखान्यात गेल्यावर संकोच न करता विचारावे : एक्स-रेमध्ये कीड नसेच्या किती जवळ आहे? कोणत्या भिंती शाबूत आहेत? नुसते भरले तर काय धोका आहे? सर्व खेपा धरून खर्च किती? नेहमीच्या बहुतेक आरोग्य विम्यांत अपघात सोडून दातांचा खर्च मिळत नाही, हेही ध्यानात असावे. खर्च झेपत नसेल तर मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये आहेत, मुंबईत नायर दंत महाविद्यालय आहे. तेथे प्राध्यापकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात उपचार होतात. खेपा अधिक पडतात, रजा टाकावी लागते, हे खरे. रोजंदारीवरच्या माणसाला ती रजाच महाग पडते. म्हणूनच तो दाढ काढून मोकळा होतो आणि चाळिशीतच एका बाजूने जेवू लागतो. हे थांबवायचे असेल तर खड्डा लहान आहे तोवरच, एका रजेत भरून घ्यावा. आज भरणे टाळले तर उद्या रूट कॅनॉल आणि कॅप, आणि तेही टाळले तर परवा दाढच नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या आईवडिलांनी दाढदुखी लवंग दाबून सोसली, कारण घरात आधी तुमच्या फीचे पैसे निघत. त्यांना या आठवड्यात आरशासमोर नव्हे, दंतवैद्यापुढे बसवा, आणि वरचे चार प्रश्न त्यांच्या वतीने तुम्ही विचारा.