लाल टोपी आणि दीड सेंटीमीटर

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कमिटीने मला विषय दिला होता 'ज्येष्ठांची आर्थिक गुंतवणूक'. बँकेतला रिटायर्ड माणूस म्हटला की दुसरं काय सुचणार! पण गेले वर्षभर आमच्या घरात, खरं म्हणजे आमच्या जिन्यात, एक वेगळाच विषय चालला आहे. त्यावर बोलायची परवानगी मी अध्यक्षांकडून काल रात्री घेतली. हिशेब यातही आहेत, त्यामुळे कमिटीची फसवणूक होणार नाही.

आपल्याच सोसायटीतल्या एका मुलीची ही गोष्ट आहे. नाव सांगत नाही, कारण ती इथेच बसली आहे आणि तिने तसं बजावलं आहे. वर्षापूर्वी एका संध्याकाळी ती आमच्याकडे आली आणि म्हणाली, "आजोबा, मला मिलिटरी पोलीसमध्ये जायचंय. फॉर्म भरायला मदत कराल?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आले. "काका, तुमचं ऐकते ती. जरा समजवा तिला." तिसऱ्या दिवशी तिची आजी. तिने सरळच विचारलं, "चेडवाच्या हातात बंदूक कित्याक व्हयी?"

आजीला हसू नका. २०१६ साली आंबोलीचे लान्सनायक पांडुरंग गावडे कुपवाड्यात शहीद झाले, तो दिवस आपला जिल्हा विसरलेला नाही. आजीची भीती खोटी नव्हती. आणि अशी भीती मी स्वतः जवळून पाहिलेली आहे.

१९७१ च्या डिसेंबरात मी सावंतवाडीला कॉलेजात होतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ चा, तेव्हा आपण रत्नागिरी जिल्ह्यात. रेडिओवर बातमी आली की ढाक्यात पाकिस्तानचे ९३ हजार लोक शरण आले. आम्ही पोरं नाचलो. पुढे बँकेत लागलो, आणि १९७६ साली वर्तमानपत्रात प्रादेशिक सेनेची जाहिरात पाहिली. टेरिटोरियल आर्मी म्हणतात ती. ही आपल्या देशाची राखीव नागरी फौज. कायदा १९४८ चा, आणि ९ ऑक्टोबर १९४९ रोजी राजगोपालाचारींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तत्त्व असं की माणसाने आपली नोकरी-धंदा सांभाळायचा, वर्षातले ठरावीक दिवस गणवेशात प्रशिक्षण घ्यायचं, आणि देशाला गरज पडली की हजर व्हायचं. १९६२, ६५ आणि ७१, तिन्ही वेळा हे लोक हजर झाले होते. मला वाटलं, हे आपल्यासाठीच आहे. बँकही राहील आणि गणवेशही मिळेल. फॉर्म मागवला, भरला, फोटो चिकटवला.

आईने तो टेबलावर पाहिला. म्हणाली, "झिला, बँकेची नोकरी गावली हा, आता ह्या खूळ कित्याक?" एवढंच. ती रडली नाही, ओरडली नाही. वडील आधीच गेलेले, पाठची दोन भावंडं शिकत होती. तो फॉर्म मी पोस्टात टाकला नाही. बरीच वर्षं तो माझ्या फाइलीत होता. आईला मी दोष देत नाही. पण प्रादेशिक सेनेत नोकरी सोडावी लागत नाही, मालकाला माणूस परत कामावर घ्यावा लागतो, हे मी तिला नीट समजावूनसुद्धा सांगितलं नाही. तिने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. दोघांनीही माहितीशिवाय निर्णय घेतला.

म्हणून या वेळी मी तिच्या वडिलांना म्हटलं, "समजवायचं काम मी करतो, पण आधी मला समजू दे." बँकेतली सवय. कागद पाहिल्याशिवाय सही नाही.

आता थोडी माहिती. मिलिटरी पोलीस म्हणजे लष्कराच्या आतले पोलीस. डोक्यावर लाल टोपी, कमरेला पांढरा पट्टा. २६ जानेवारीच्या परेडच्या दिवशी टीव्हीवर मोटारसायकलींसह दिसतात ते. आपल्याकडे हे दल १९३९ पासूनचं, दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर उभं राहिलेलं. ब्रीदवाक्य 'सेवा तथा सहायता'. जवानांची शिस्त सांभाळणं, लष्करातल्या गुन्ह्यांचा तपास, युद्धात फौजेच्या गाड्यांची वाहतूक लावणं, युद्धकैद्यांची व्यवस्था ठेवणं ही त्यांची कामं. मघाशी ते ९३ हजार सांगितले ना? शरण आलेल्या माणसालाही जेवण, औषध आणि कायद्याचं संरक्षण द्यावं लागतं. ती जबाबदारी बघणाऱ्यांत हे लाल टोपीवाले असतात.

मला हे काम लगेच समजलं, कारण मी नोकरीची शेवटची सहा वर्षं इन्स्पेक्शनला होतो. शाखेत गेलो की चहा मिळायचा, पण चेहरे पडलेले असायचे. आपल्याच माणसांच्या चुका काढणारा माणूस कोणाला आवडतो? शत्रूसमोर उभं राहणं कठीण आहेच. पण आपल्याच मित्राला "तुझं चुकलं" म्हणून थांबवणं, हे निराळ्या जातीचं कठीण आहे. आपल्याकडे पार्किंगवरून सेक्रेटरींची जी अवस्था होते, त्यावरून कल्पना करा!

आता मुलींचं. या दलात जवान म्हणून मुलींना घ्यायचा निर्णय जानेवारी २०१९ मध्ये जाहीर झाला. त्याआधी मुली लष्करात अधिकारी होत्या, जवान नव्हत्या. अर्ज लाखांत आले. पहिल्या भरतीच्या मेळाव्यांपैकी एक आपल्या शेजारी बेळगावला झाला. निवडलेल्या मुलींना बंगळुरूच्या केंद्रात ६१ आठवड्यांचं प्रशिक्षण मिळालं, आणि ८ मे २०२१ रोजी ८३ जणींची पहिली तुकडी बाहेर पडली. कोरोनाचे दिवस, त्यामुळे समारंभ साधाच झाला. २०२२ पासून ही भरती अग्निवीर योजनेतून होते.

इथे मी वही उघडली. योजना जाहीर झाली तेव्हाचे आकडे सांगतो. नोकरी चार वर्षांची. पहिल्या वर्षी पगार महिना ३० हजार, त्यातले ९ हजार सेवानिधीला कापून हातात २१ हजार. चौथ्या वर्षी पगार ४० हजार. आपण जेवढे कापून देतो तेवढेच सरकार घालतं. चार वर्षांत आपले ५ लाख २ हजार, सरकारचे तेवढेच, आणि व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार हातात येतात, त्यावर आयकर नाही. विमा ४८ लाखांचा. पण पेन्शन नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि चार वर्षांनी पुढे कायम होणार फार तर चारातली एक.

हे सगळं मी तिच्या वडिलांसमोर आणि आजीसमोर मांडलं. तिलाही बसवलं. "चारातली एक झाली नाहीस तर?" मी विचारलं. ती म्हणाली, "आजोबा, तेव्हा मी पंचवीसचीसुद्धा नसेन. पदवी होईल, हातात पैसे असतील, आणि सकाळी पाचला उठायची सवय असेल." आजी म्हणाली, "सकाळी उठाची सवय लागत असात तर धाडा तिका!" सगळे हसले आणि विषय मार्गी लागला.

मग तयारी. १.६ किलोमीटर धावायचं. साडेसात मिनिटांच्या आत आलं तर पहिला गट, आठच्या आत दुसरा. दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. सकाळी साडेपाचला ती चिवला बीचवर, आणि मी कठड्यावर मोबाइलचं घड्याळ धरून. माझा मॉर्निंग वॉक बंद पडला, पण डॉक्टरांना सांगू नका. पहिल्या दिवशी वेळ लागला १० मिनिटं ४० सेकंद. रापण ओढणारे थांबून बघायचे. महिन्याभरात तेच ओरडायला लागले, "धाव गो, धाव!" सहा महिन्यांनी मैदानावर तिची वेळ आली ७ मिनिटं २१ सेकंद. मी तो आकडा वहीत लाल शाईने लिहिला.

ऑनलाइन लेखी परीक्षा ती पास झाली. पुण्याला मेळाव्याला बोलावणं आलं. आई-वडील आणि ती रात्रीच्या गाडीने गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी वडिलांचा फोन. "काका, उंचीत गेली."

उंची हवी होती १६२ सेंटीमीटर. तिची भरली साडेएकशेसाठ.

आता कबुली. ती उंची मी मोजली होती. आमच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून, टेलरच्या जुन्या टेपने. ती धावून आली होती, पायात बूट होते. मी वहीत लिहिलं १६२ आणि पुढे बरोबरची खूण केली. सदतीस वर्षं दुसऱ्यांचे आकडे तपासले, आणि माझ्या स्वतःच्या आकड्याची तपासणी मात्र केली नाही. सरकारी दवाखान्यात पाच मिनिटांत, अनवाणी उभं करून, फुकट मोजून मिळाली असती. उंची कमी आहे हे वर्षापूर्वी कळलं असतं, तर त्या पोरीने सहा महिने त्या दारावर डोकं आपटलं नसतं.

ती परत आल्यावर मी वर जायला धजत नव्हतो. तीच खाली आली. म्हणाली, "आजोबा, बूट काढायला मीपण विसरले." मग थोड्या वेळाने म्हणाली, "धावायला आता कोण सोडणार आहे? उद्या या."

त्यानंतर मी पुन्हा कागद काढले, आणि एक गंमत सापडली. जवान व्हायला मुलीला उंची १६२ लागते. लष्करात अधिकारी व्हायला १५२. जिथे ती दीड सेंटीमीटरने पडली, तिथून वरच्या दारात ती साडेआठ सेंटीमीटरने पास आहे! कॉलेजात ती एनसीसीत आहेच. 'सी' सर्टिफिकेट चांगल्या श्रेणीत मिळालं आणि पदवीला ५० टक्के असले, तर एनसीसीच्या खास प्रवेशातून लेखी परीक्षेशिवाय अर्ज करता येतो. निवड झाली तर थेट मुलाखत मंडळ, म्हणजे एसएसबी, आणि पुढे चेन्नईची अकादमी. जागा फार थोड्या. दुसरा रस्ता सीडीएस परीक्षेचा, वर्षातून दोनदा. लहान मुलींनो, तुमच्यासाठी तर बारावीनंतर खडकवासल्याची एनडीएसुद्धा आता उघडी आहे. तिथून मुलींची पहिली तुकडी, १७ जणींची, मे २०२५ मध्ये बाहेर पडली.

हे सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, "पण लाल टोपी?" खरं सांगितलं. लष्करी पोलिसांत अधिकारी व्हायची वेगळी परीक्षा नाही. आधी अधिकारी व्हायचं, मग कुठे घालायचं ते लष्कर ठरवतं. टोपीचा रंग आपल्या हातात नाही.

आणि हेही जमलं नाही तर? तर माझी ती जुनी प्रादेशिक सेना आहे. पदवी हवी, नोकरी किंवा धंदा हवा, वय १८ ते ४२. २०१८ साली दिल्ली उच्च न्यायालयाने तिथलं दार मुलींनाही उघडं असल्याचा निकाल दिला. मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ क्रमांकाची प्रादेशिक पलटण आपल्या कोल्हापुरातच आहे. प्रादेशिक सेनेचं ब्रीद 'सावधानी व शूरता'. शूरता सगळ्यांना आठवते, पण त्यात सावधानी आधी आहे, हे टेप हातात घेताना मी विसरलो. लष्करी पोलीस तिथे नाही होता येणार, बहुतेक पलटणी पायदळाच्या आहेत. पण बँकेत, शाळेत, दुकानात बसणाऱ्यालाही गणवेश मिळू शकतो. सचिन पायलट खासदार असताना तिथे अधिकारी झाले. समोर बसलेल्या तिशी-पस्तिशीच्या मंडळींनो, तुमचं वय अजून गेलेलं नाही. माझं गेलं.

मित्रहो, पंचवीस वर्षांपूर्वी आपण इथे राहायला आलो तेव्हा मुलं कडेवर होती. आता ती पुणे, मुंबई, दुबईला आहेत, आणि त्यांची मुलं फॉर्म भरायच्या वयात आली आहेत. माझी एवढीच विनंती की पोराने काही वेगळं मनात आणलं, तर "कित्याक?" जरूर विचारा. पण ते उत्तर ऐकण्यासाठी विचारा. आमच्या घरात १९७६ साली ते उत्तर कोणी ऐकलं नाही, आणि मी दिलंही नाही. भीती वाटली तर वाटू द्या, पण तिच्याबरोबर कागदही वाचा, आकडे तपासा. नाही म्हणायचं तर माहिती घेऊन म्हणा, हो म्हणायचं तरीही माहिती घेऊनच.

शेवटी, रौप्यमहोत्सवानिमित्त माझ्यातर्फे सोसायटीला एक लहानशी भेट. ऑफिसच्या भिंतीवर काल उंची मोजायची पक्की पट्टी बसवून घेतली आहे, दवाखान्यात असते तशी. कोणीही यावं आणि मोजून घ्यावं. खाली पाटी लावली आहे : 'कृपया चपला-बूट काढून उभे राहावे.'

'सी' सर्टिफिकेटची परीक्षा जवळ आली आहे. उद्या सकाळी साडेपाचला आम्ही दोघं चिवल्यावर आहोत. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं, घड्याळ माझ्याकडे आहे.

 जय हिंद, जय महाराष्ट्र!