मुक्कामी गाडी



‘दुर्गम’ हा शब्द ऐकला की उंच कडे आणि निबिड अरण्य डोळ्यांसमोर उभे राहते. खानदेशात मात्र काही गावे डोंगरामुळे दूर राहिली, तर काही वाटांनी वळसा घातल्यामुळे दूर पडली.

भुसावळ-सुरत लोहमार्ग विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर पूर्ण झाला. जळगाव, अमळनेर, नरडाणा, दोंडाईचा, नंदुरबार ही गावे त्यावर आली. ती सारी तापीच्या दक्षिणेची. पलीकडची सावदा, रावेर ही गावे खंडव्याच्या मार्गावर आली. परंतु यावल, चोपडा, शिरपूर, शहादा, तळोदा ही केळी-कापसाची संपन्न गावे रुळांवाचूनच राहिली. खुद्द धुळ्याला १९०० साली चाळीसगावहून फाटा आला आणि तेथेच थांबला. १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. धुळे पश्चिम खानदेशाचे मुख्य ठाणे ठरले, तरी रुळांच्या दृष्टीने ते टोकाचेच गाव राहिले. मनमाड-इंदूर या ३०९ किलोमीटरच्या मार्गास केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळण्यास सप्टेंबर २०२४ उजाडले. तिकडे पाचोरा-जामनेर ही अरुंद रुळांची गाडी शतकभर धावली, २०२०च्या टाळेबंदीत थांबली आणि त्या रुळांवर पुन्हा परतली नाही.

ही सपाटीवरच्या गावांची कथा. तर मग सातपुड्याच्या माथ्यावरील गावांचे काय?

अक्राणी तालुक्याचे मुख्य गाव धडगाव. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा निर्माण होईपर्यंत ते धुळे जिल्ह्यात होते. एखाद्या पाड्यावरील पावरा शेतकऱ्याचे जिल्हा कचेरीत काम निघाले, तर त्याने आधी धडगाव गाठायचे, घाट उतरून शहाद्याला यायचे आणि तेथून धुळ्याची गाडी धरायची. साहेब दौऱ्यावर असले, तर एका सहीसाठी दोन रात्री परक्या गावात काढायच्या. नवा जिल्हा झाला आणि कचेरी जवळ आली. तरीही गाडीरस्ता न पोहोचलेल्या पाड्यांवरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीत घालून खांद्यावर आणावे लागते. सरदार सरोवराचे पाणी चढल्यानंतर नर्मदाकाठच्या वस्त्यांना बोटीचा आधार उरला आणि दवाखानाही तरंगता करावा लागला.

अशा मुलुखाला जगाशी जोडणारी एक साधी व्यवस्था महाराष्ट्राने १९४८ पासून पाहिली आहे. ती म्हणजे एस.टी.ची मुक्कामी गाडी. शिरपूर किंवा चोपडा आगारातून सायंकाळी निघालेली ही गाडी दिवेलागणीला शेवटच्या गावी पोहोचते. चालक आणि वाहक तेथेच रात्र काढतात, कधी मंदिराच्या ओट्यावर, कधी गाडीतील बाकांवर. कोणाच्या तरी घरून भाकरी-कालवण येते. वाहकाने शहरातून आणलेले औषध हातोहात पोहोचते. पहाटे तीच गाडी महाविद्यालयात जाणारी मुले, न्यायालयाची तारीख असलेला म्हातारा आणि तापलेले लेकरू उराशी धरलेली आई यांना घेऊन खाली उतरते. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२ या काळात एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप चालला, तेव्हा या गाडीची खरी किंमत ज्यांच्यापाशी दुसरे वाहन नव्हते त्यांना कळली.

या गाडीचा विशेष असा की ती नुसती येत नाही, ती राहते.

आज डांबरी रस्ते पुष्कळ झाले, ही आनंदाची गोष्ट. पण त्या रस्त्यांनी एक उलटे कामही केले. पूर्वी रस्ता नव्हता, म्हणून गुरुजींना पाड्यावरच बिऱ्हाड करावे लागे. कोणते मूल उपाशी आहे, कोणाच्या घरी दारू शिरली, हे त्यांना न विचारता कळे. आता रस्ता आहे आणि दुचाकी आहे. शाळा सुटली की कित्येक गुरुजी दिवस मावळण्याआधी तालुक्याच्या गावी परततात. दवाखान्याची इमारत उभी राहते, पण रात्री तिला कुलूप असते, आणि नेमके रात्रीच कोणाला तरी साप चावतो, कोणाला तरी वेणा लागतात. दिवाळी सरली की याच रस्त्याने अनेक कुटुंबे ऊसतोडणीसाठी गुजरातकडे, पश्चिम महाराष्ट्राकडे निघतात. होळीच्या तोंडावर भोंगऱ्या बाजाराला ती परततात, तोवर मुलांचे शाळेतील अर्धे वर्ष बुडालेले असते. रस्ता गावापर्यंत आला. गावात राहणारा माणूस मात्र रस्त्याने निघून गेला.

यास केवळ शासन उत्तरदायी आहे काय? जळगाव-धुळ्यातील आपल्या सुशिक्षित घरांत मुलाची नेमणूक सातपुड्यात झाली की पहिला प्रश्न कोणता विचारला जातो? ‘बदली कधी होईल?’ त्याऐवजी एखादी आई जर विचारील, ‘तुझे शेजारी कोण आहेत रे?’, तर तेथील वस्तीचे दैव पालटू शकेल. आणि जो डोंगर उतरून आपल्या शहरात येतो, त्याचे काय? शासकीय रुग्णालयाच्या आवारात केसपेपर हातात धरून, पावरी बोलीत पुटपुटत उभ्या असलेल्या माणसाला खिडकीपर्यंत नेणारा एक माणूस भेटला, तर त्याचा निम्मा आजार हलका होईल. यासाठी निधी लागत नाही, वेळ लागतो.

रेल्वे येईल तेव्हा येईल, पूल होतील तेव्हा होतील. तोपर्यंत, आणि त्यानंतरही, शेवटच्या गावाला हवे आहे ते रात्री तेथे थांबणारे माणूस. खाकी गणवेशातील तो चालक हे काम गाजावाजा न करता करीत आला आहे. पहाटे तो गाडी सुरू करतो, तेव्हा अंधारात बॅटरी घेऊन कोणीतरी धावत येत असते, आणि त्या एका माणसासाठी तो दोन मिनिटे थांबतो.

आपणही तेवढे थांबायला शिकू या.