पैसा आहे, फाइल नाही
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रातील भाषणाचा मजकूर)



‘शाळेच्या प्रयोगशाळेसाठी निधी कसा उभारता येईल’ यावर दहा मिनिटं बोल, असं मला संयोजकांनी सांगितलं. मी पोटापाण्यासाठी प्रोग्राम लिहिते, निधी उभारण्यातली तज्ज्ञ नाही. पण गेली नऊ वर्षं आम्ही काही शेजारी मिळून पुण्यात एक अभ्यासिका चालवतो. वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी बसायला जागा, उजेड आणि पुस्तकं मिळावीत, एवढंच काम. त्यासाठी जेवढे अर्ज भरले तेवढे मी नोकरीसाठीही भरले नाहीत, आणि त्यातले बरेच नापास झाले. म्हणून आज बोलते आहे ते नापास विद्यार्थिनीच्या अनुभवावरून. गणिताच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना याचं फारसं आश्चर्य वाटणार नाही.

आधी सगळ्यात मोठ्या नापासाची गोष्ट सांगते. एका कंपनीने आमच्या अभ्यासिकेला संगणक आणि एका शिक्षकाचं मानधन द्यायची तयारी दाखवली होती. त्यांचे अधिकारी येऊन मुलांशी बोलून गेले, त्यांना काम आवडलं. मग त्यांनी कागदपत्रं मागितली. आमचे जुने अध्यक्ष त्याआधी दीड वर्षं वारले होते. आम्ही नवे अध्यक्ष निवडले, सभेचं इतिवृत्त लिहिलं आणि कामाला लागलो. पण विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात चेंज रिपोर्ट दाखल करावा लागतो, तो राहून गेला. सरकारी दप्तरात अजून गेलेले अध्यक्षच अध्यक्ष होते. कंपनीने सांगितलं, कागद पूर्ण करा आणि पुढच्या वर्षी या. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरं काम निवडलं होतं.

संगणकाच्या वर्गासाठी १४ मुलांनी नावं दिली होती. त्यांना आम्ही ‘थोडं थांबा’ म्हणालो. त्यातल्या बहुतेकांची दहावी त्या थांबण्यातच झाली. चेंज रिपोर्ट भरायचं काम माझ्याकडे होतं.

म्हणून आज पहिली गोष्ट हीच सांगायची आहे. चांगल्या कामाला पैसा मिळत नाही असं आपण म्हणतो, पण माझा अनुभव असा की पैसा दाराशी येतो तेव्हा आपली फाइल तयार नसते.

आता पैसा कुठे असतो ते पाहू. पहिली जागा म्हणजे सीएसआर. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नुसार, ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये वा त्याहून अधिक आहे, तिला आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजोपयोगी कामावर खर्च करावी लागते. त्या कामांच्या यादीत शिक्षण आहे. शिवाय कंपनीने आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं, असं कायदाच सांगतो. म्हणजे आपण मुंबईतल्या मोठ्या नावांमागे धावण्याआधी आपल्या तालुक्याच्या एमआयडीसीत कोण बसतं ते पाहायला हवं. आपल्यातलेच तिघं तिथे नोकरीला आहेत.

पण ही रक्कम घेणाऱ्या संस्थेकडे काय लागतं ते ऐका. आयकर खात्याची ‘१२ए’ आणि ‘८०जी’ या नावांनी ओळखली जाणारी नोंदणी. सीएसआर-१ हा फॉर्म भरून कंपनी व्यवहार मंत्रालयाकडून घेतलेला क्रमांक. आणि तशाच कामाचा किमान तीन वर्षांचा अनुभव. तीन वर्षांचे हिशेब एका रात्रीत तयार होत नाहीत.

दुसरी जागा सरकारी योजनांची. त्यांच्यासाठी नीती आयोगाच्या ‘दर्पण’ पोर्टलवरचा क्रमांक बहुधा मागतात. तो फुकट मिळतो. आपल्यातले काही जण गावच्या वाचनालयाच्या समितीवर आहेत, त्यांच्यासाठी सांगते. राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अ, ब, क, ड वर्गाप्रमाणे अनुदान मिळतं, हे तुम्हाला माहीत आहेच. त्याशिवाय कोलकात्याचं राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठान १९७२ पासून सार्वजनिक वाचनालयांना पुस्तकांसाठी साहाय्य देतं. त्याचीही चौकशी करा.

तिसरी जागा म्हणजे आपण स्वतः, आणि इथे मला थोडं कडू बोलायचं आहे. प्रयोगशाळेसाठी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जमलेले पैसे आज एका मित्राच्या बचत खात्यात आहेत. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल इथे कुणालाच शंका नाही, मला तर मुळीच नाही. पण त्या पैशावर कुणाला ८०जीची पावती मिळणार नाही. उद्या आयकर खात्याने विचारलं तर उत्तर त्याला एकट्याला द्यावं लागेल. आणि कुठलीही कंपनी ती रक्कम ‘संस्थेचं काम’ म्हणून मोजणार नाही. मित्रावरच्या विश्वासाचं ओझं मित्रावरच टाकणं बरोबर नाही.

दुसरं, परवा ग्रुपवर अमेरिकेतल्या एकाने ‘डॉलर पाठवू का?’ असं विचारलं आणि खाली पंधरा अंगठे आले. थांबा! इथे पैसा कोणत्या देशातून येतो यापेक्षा देणाऱ्याचा पासपोर्ट कोणता हे महत्त्वाचं आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी माणसाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी मानली जात नाही. पण ज्याने तिथलं नागरिकत्व घेतलं, त्याच्याकडे ओसीआय कार्ड असलं तरी त्याची देणगी परदेशी ठरते. ती घ्यायला एफसीआरएची नोंदणी किंवा आधी घेतलेली परवानगी लागते. नोंदणीसाठी संस्था तीन वर्षं जुनी हवी आणि त्या काळात तिने मूळ कामावर १५ लाख रुपये खर्च केलेले हवेत. दुसऱ्या नोंदणीकृत संस्थेने ते पैसे घेऊन आपल्याकडे वळवावेत, ही वाट २०२० च्या दुरुस्तीने बंद झाली आहे. तेव्हा परदेशी नागरिक झालेल्या मित्रमैत्रिणींनो, तुमच्याकडून आज पैसे नकोत, वेळ हवा. नववीच्या मुलांना शनिवारी एक तास ऑनलाइन विज्ञान शिकवायला पासपोर्ट आड येत नाही.

मग करायचं काय? आपली नवी संस्था आज काढायची म्हटली तर सात माणसं जमवणं सोपं आहे, पण तीन वर्षांचा अनुभव कुठून आणणार? आपली शाळा ज्या शिक्षण संस्थेची आहे, तिचा अनुभव आपल्या वयापेक्षा जुना आहे. म्हणून माझी सूचना अशी : मुख्याध्यापकांच्या आणि संस्थेच्या परवानगीने त्यांच्या नोंदण्या आधी तपासू. ८०जी आणि १२ए आता कायमच्या नसतात, त्यांची मुदत संपते. त्या चालू असतील तर प्रत्येकाने देणगी थेट संस्थेला, ‘प्रयोगशाळेसाठी’ असं लिहून, बँकेतून द्यावी. रोख २००० रुपयांच्या वर दिलेत तर करसवलत मिळत नाही, आणि नव्या कररचनेत गेलेल्यांना ती तशीही नाही. त्यांनी शाळेवरच्या प्रेमापोटी द्यावी.

आपण माजी विद्यार्थ्यांनी मग अर्ज लिहायचं काम करायचं. तेही शिकावं लागतं. ‘प्रयोगशाळा अद्ययावत करणे’ असं आपण लिहिलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर काहीच येत नाही. आपल्या वेळी सर टेबलावर प्रयोग करायचे आणि आम्ही साठ जण मान उंच करून बघायचो. मागच्या बाकांवर फक्त वास यायचा. म्हणून लिहू या की, ‘आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाने वर्षभरात २० प्रयोग स्वतःच्या हाताने करावेत.’ मग त्यासाठी किती टेबलं, किती नळ, किती सूक्ष्मदर्शक, कोणत्या दुकानाचं दरपत्रक, आणि तिसऱ्या वर्षी फुटलेल्या परीक्षानळ्यांचा खर्च कोण करणार, हे सगळं ओघाने येतं. शेवटचा प्रश्न देणारे हमखास विचारतात. पैसे मिळाल्यावर विनियोग प्रमाणपत्र वेळेवर द्यायचं. पहिली छोटी रक्कम नीट खर्च करून दाखवली की दुसऱ्या वेळी बोलणं सोपं होतं.

आज मी कुणाकडे पैसे मागत नाही. मला तीन माणसं हवी आहेत. एकाने हिशेब ठेवायचा. एकाने कागदपत्रांच्या तारखा सांभाळायच्या : ऑडिट कधी, नोंदणीची मुदत कधी, चेंज रिपोर्ट कधी. आणि एकाने माझ्याबरोबर अर्ज लिहायला बसायचं. ही कामं कंटाळवाणी आहेत, फोटोत दिसत नाहीत, आणि ती न केल्याने काय होतं ते मी तुम्हाला आत्ताच सांगितलं.

चहाच्या वेळी मी वाचनालयाच्या खोलीजवळ वही घेऊन बसते. तारखा सांभाळणारं माणूस आधी मिळालं तर बरं. त्या कामावर मी स्वतःला पुन्हा नेमणार नाही.